बाहेर पडायला घाबरणाऱ्या कुत्र्यासाठी : उंबरठ्यापासून गल्लीपर्यंत

रस्त्यावरून किंवा निवारा केंद्रातून दत्तक घेतलेला देशी कुत्रा घरात हळूहळू रुळतो, सोफ्यामागचा कोपरा आपला मानतो, घरातल्यांच्या हातून खाऊ लागतो. पण फिरायला न्यायचे म्हणून त्याला पट्टा अडकवून दाराकडे वळले की तो जमिनीला चिकटून बसतो आणि काही केल्या हलत नाही. पुण्यात, ठाण्यात, नाशकात फ्लॅटमध्ये राहणाऱ्या अनेक कुटुंबांपुढे हा प्रसंग येतो, आणि ज्याचा जन्मच रस्त्यावर झाला त्याला रस्त्याची भीती का वाटावी, हे कोडे त्यांना पडते. अशा कुटुंबांसाठी, विशेषतः ज्यांनी पहिल्यांदाच कुत्रा घरी आणला आहे त्यांच्यासाठी, हे मार्गदर्शन आहे. कुत्रा पैदास केंद्रातून आणलेला लॅब्रॅडोर असला तरी पद्धत हीच राहते.

भीती कुठून येते

रस्त्यावर वाढलेला कुत्रा शहर ओळखत नसतो, तो आपला इलाका ओळखत असतो. दोन-तीन गल्ल्या, रोज बिस्किट टाकणारा टपरीवाला, सोबतीचे चार कुत्रे आणि संकट आले तर शिरायला ठरलेल्या गाड्यांखालच्या जागा, एवढ्या आधारावर त्याचे धैर्य उभे असते. दत्तक घेतल्यावर हे सगळे एका दिवसात नाहीसे होते, गल्ली अनोळखी असते, लपायला जागा नसते आणि गळ्यात दोरी असल्यामुळे पळताही येत नाही. त्यातच पूर्वी जाळे टाकून पकडणे, गाडीत कोंडणे किंवा दवाखान्यात पिंजऱ्यात राहणे घडलेले असेल, तर बाहेर पडणे म्हणजे काहीतरी वाईट होणे, अशी खूणगाठ त्याच्या मनात बसलेली असते. पिल्लांच्या बाबतीत कारण वेगळे असते. वयाच्या सुमारे तिसऱ्या आठवड्यापासून बारा-चौदा आठवड्यांपर्यंतचा काळ हा जगाशी ओळख करून घेण्याचा काळ असतो, आणि या काळात जे पिल्लू पिंजऱ्यात किंवा बंद खोलीत राहिले त्याला पुढे वाहने, गर्दी, छत्री, हेल्मेट घातलेला माणूस अशा प्रत्येक गोष्टीची धास्ती वाटू शकते. काही कुत्रे स्वभावतःच भित्रे जन्माला येतात, याचीही जाणीव ठेवावी.

‘एकदा ओढून बाहेर काढा, आपोआप सवय होईल,’ हा सल्ला नव्या पालकांना हमखास मिळतो आणि तो घातक आहे, असे माझे ठाम मत आहे. अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ मार्टिन सेलिगमन आणि स्टीव्हन मायर यांनी 1967 साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत, ज्या कुत्र्यांना विजेच्या धक्क्यापासून सुटण्याचा कोणताही मार्ग ठेवलेला नव्हता, त्यांतील बहुतेकांनी पुढे मार्ग उपलब्ध करून दिल्यावरही सुटण्याचा प्रयत्न केला नाही. ते प्रयोग क्रूर होते. पण त्यांतून एक गोष्ट लख्ख दिसली, ती अशी की गप्प पडून राहणारा कुत्रा शांत झालेला असतोच असे नाही, त्याने प्रयत्न सोडून दिलेला असू शकतो. फरफटत नेलेला कुत्रा चार दिवसांनी मुकाट्याने चालू लागला तर घरचे समाधानी होतात, परंतु खाली घातलेली शेपटी आणि निस्तेज डोळे वेगळेच सांगत असतात.

म्हणून पुढच्या सगळ्या पायऱ्यांचा पाया एकच आहे, तो म्हणजे घराकडे परतण्याची वाट कुत्र्यासाठी कायम मोकळी ठेवणे. वाटेल तेव्हा मागे फिरता येते, हे ज्याला कळले तो कुत्रा आपणहून पुढे जातो. ज्याची परतीची वाट अडवली जाते तो उंबऱ्याशीच अडून बसतो.

आधी पशुवैद्यांकडे

सरावाला सुरुवात करण्याआधी कुत्र्याची पूर्ण तपासणी करून घ्यावी. कानातला संसर्ग, दुखरा दात, सांध्यांचा त्रास, पंजातली जखम किंवा आपल्याकडे नेहमी आढळणारा गोचीडताप यांमुळे कुत्र्याला चालणेच नकोसे होते, आणि वरून ते भीतीसारखे दिसते. पूर्वी बिनधास्त फिरणारा कुत्रा अचानक दाराशी थांबू लागला असेल तर आधी वेदनेचाच संशय घ्यावा. पिल्लाचे लसीकरण पूर्ण व्हायचे असेल तर पार्व्हो आणि डिस्टेंपर या जीवघेण्या संसर्गजन्य आजारांच्या धोक्यामुळे त्याला जमिनीवर सोडू नये. मात्र कडेवर घेऊन किंवा झोळीत बसवून त्याला बाहेरचे जग दाखवावे, कारण लसींची वाट पाहत घरात ठेवले तर ओळखीचा मोलाचा काळ निघून जातो.

देहबोली वाचायला शिकावी

कुत्रा घाबरला हे आपल्याला तो थरथरू लागला की कळते, पण त्याने त्याच्या कितीतरी आधी सांगायला सुरुवात केलेली असते. जवळ खायला काही नसताना जिभेने ओठ चाटणे, झोप आलेली नसताना जांभई देणे, एक पुढचा पंजा उचलून धरणे, मान न वळवता डोळ्यांच्या कडांतून बघणे आणि त्यामुळे डोळ्याचा पांढरा भाग दिसणे, कान मागे चिकटवणे, ऊन नसताना धापा टाकणे आणि अंगावरचे केस एकाएकी गळू लागणे ही सगळी वाढत्या ताणाची लक्षणे आहेत.

यांपेक्षाही भरवशाची एक खूण आहे, ती म्हणजे खाणे. घरात आवडीने खाल्लेला चिकनचा तुकडा कुत्र्याने दाराबाहेर नाकारला तर आपण त्याच्या सहनशक्तीच्या पलीकडे गेलो आहोत, असे समजून लगेच मागे यावे. त्याने तुकडा घेतला, पण बोटांना दात लागतील अशा घाईने ओढून घेतला, तर आपण सीमेवर आहोत. हळुवार घेतला, चावून खाल्ला आणि आपल्याकडे पाहिले, तर सध्याचे अंतर योग्य आहे. नव्या माणसाने बाकी सगळे विसरले आणि एवढेच लक्षात ठेवले तरी त्याच्या हातून फारसे नुकसान होणार नाही.

लागणारे साहित्य

घाबरट कुत्र्याला नुसत्या गळपट्ट्यावर बाहेर नेऊ नये. घाबरल्यावर तो मागे सरकतो, मान बारीक करतो आणि पट्ट्यातून निसटतो. छातीवर इंग्रजी वाय अक्षरासारखा बसणारा हार्नेस घ्यावा, आणि शक्य असेल तर पोटाभोवती आणखी एक पट्टी असलेला घ्यावा, कारण साध्या हार्नेसमधूनही कुत्रे उलटे बाहेर पडतात. पट्टी आणि अंग यांच्यात दोन बोटे जातील इतकीच सैल ठेवावी. लीश, म्हणजे आपण हातात धरतो ती दोरी, दोन मीटरची, साधी, कापडी असावी; सुरुवातीच्या काळात एक लीश हार्नेसला आणि दुसरी गळपट्ट्याला लावून दोन्ही हातात धराव्यात. बटण दाबून लांब-आखूड होणारी लीश मात्र टाळावी, कारण तिचे प्लास्टिकचे मूठवजा खोके हातून सुटले की खडखडत कुत्र्याच्या मागे येते आणि तो जीव घेऊन पळत सुटतो. गळपट्ट्यावर मोबाइल क्रमांकाची पट्टी लावावी, कातडीखाली ओळख क्रमांकाची मायक्रोचिप बसवून घ्यावी आणि महानगरपालिकेचा परवाना काढावा.

कुत्रा कधी निसटलाच तर त्याच्या मागे धावू नये. मागून येणारी ओळखीची पावलेही त्याला पाठलागच वाटतात. खाली बसावे, अंग तिरके ठेवावे, नेहमीच्या आवाजात नाव घ्यावे आणि खाऊची पिशवी वाजवावी.

खाऊ रोजच्या जेवणापेक्षा वरचढ असावा. मीठ-मसाल्याशिवाय उकडलेले चिकन किंवा कलेजी, उकडलेले अंडे, शाकाहारी घरात पनीर किंवा उकडलेले रताळे चालते. तुकडा मटाराच्या दाण्याएवढा करावा आणि तेवढे जेवण कमी करावे. कांदा-लसूण घातलेले मटण, द्राक्षे, मनुका आणि चॉकलेट कुत्र्यांसाठी विषारी असल्यामुळे ते कधीही देऊ नये.

हार्नेसची ओळखही घरातच करून द्यावी. तो जमिनीवर ठेवून त्याभोवती खाऊ टाकावा, नंतर त्याच्या फटीतून तोंड पुढे करून खाऊ घेऊ द्यावा, मग बंद अडकवण्याचा ‘टक’ आवाज आणि लगेच खाऊ, असे करत जावे. हार्नेस घालून घरातल्या घरात खेळणे, जेवणे सहज होऊ लागले की मगच दाराकडे वळावे.

उंबरठा

1924 साली मेरी कव्हर जोन्स यांनी सशाला घाबरणाऱ्या पीटर नावाच्या लहान मुलाची भीती घालवली, ती अशी की तो आवडीचे खात असताना पिंजऱ्यातला ससा आधी दूर ठेवला आणि मूल शांत राहील तसा हळूहळू जवळ आणला. आपण करणार आहोत ते हेच. यात क्रम फार महत्त्वाचा आहे: आधी भीतीची गोष्ट दिसावी किंवा ऐकू यावी आणि त्यानंतर एक-दोन सेकंदांत खाऊ मिळावा. क्रम उलटा झाला, म्हणजे आधी खाऊ आणि मग स्कूटरचा आवाज, तर कुत्रा खाऊ पाहूनच घाबरू लागतो.

दार उघडे ठेवून आपण आतल्या बाजूला जमिनीवर तिरके बसावे. लीश लावलेली असावी, पण ती जमिनीला टेकेल इतकी सैल असावी. कुत्र्याने दाराकडे पाहिले की खाऊ द्यावा, एक पाऊल टाकले की द्यावा, आणि हा तुकडा दाराबाहेर न टाकता घराच्या आत, त्याच्या मागे टाकावा. त्यामुळे दाराकडे जाणे आणि सुखरूप परत येणे या दोन्ही गोष्टी एकाच खेळाचा भाग होतात. बहुतेक जण याच्या उलट करतात, म्हणजे खाऊ बाहेर ठेवून कुत्र्याला भुलवतात. तेव्हा नीट पाहावे: मागचे दोन्ही पाय अजून घरातल्या पायपुसण्यावर रोवलेले असतात, बोटे फाकलेली असतात, पाठ लांबलचक ताणलेली असते, मान तेवढी पुढे जाते, तुकडा ओठांनी कसाबसा उचलला जातो आणि कुत्रा स्प्रिंगसारखा मागे उडतो. त्याने खाऊ घेतला खरा, पण भीती तिळभरही कमी झाली नाही; उलट खाऊ हा सापळा आहे, एवढे तो शिकला.

एका वेळी तीन ते पाच मिनिटे सराव पुरेसा आहे, दिवसातून दोनदा. कुत्र्याने अधिक करण्याची तयारी दाखवली तरी तो आनंदात असतानाच थांबावे. मध्येच एखादा दिवस पूर्ण सुट्टीचा ठेवावा.

जिना, लिफ्ट आणि पार्किंग

मजल्यावरच्या मोकळ्या जागेत चारही पाय टेकून, शेपटी सैल ठेवून कुत्रा हुंगू लागला की पुढचा टप्पा सुरू करावा. जिना गुळगुळीत फरशीचा असेल तर पाय घसरण्याच्या भीतीनेच तो थांबू शकतो, तेव्हा काही दिवस पायऱ्यांवर पायपुसणी टाकून पाहावीत. लिफ्टचा विचार वेगळा करावा लागतो, कारण ती बंद खोली आहे, हादरते, आणि दार उघडल्यावर समोर कोण उभे असेल याचा नेम नसतो. कुत्र्याची श्रवणशक्ती सुमारे 45,000 हर्ट्झपर्यंत जाते, माणसाची 20,000 पर्यंत. त्यामुळे आपल्याला न जाणवणारे यंत्राचे बारीक आवाजही त्याला ऐकू येतात. प्रथम लिफ्टचे दार उघडणे-मिटणे दुरून दाखवावे, मग दार उघडे असताना आत-बाहेर करावे, मग फक्त एक मजला. आत असताना त्याला कोपऱ्यात आणि स्वतःला त्याच्या व दाराच्या मध्ये ठेवावे.

पार्किंग ही सरावासाठी उत्तम जागा आहे आणि तिथे घाई न करता रेंगाळावे. त्याची घरातली जुनी चादर खाली न्यावी, भिंतीकडेच्या कोपऱ्यात अंथरावी आणि दोघांनी तिच्यावर बसून जे चालले आहे ते नुसते पाहावे. गाडी सुरू झाली की खाऊ, वॉचमनचे खुर्ची ओढणे ऐकू आले की खाऊ, पिशव्या घेऊन कोणी गेले की खाऊ. जमिनीवर किंवा गवतात थोडा खाऊ पसरून नाकाने शोधू द्यावा. हुंगण्यात गुंतलेला कुत्रा लवकर सैलावतो.

फाटकाबाहेर

वेळ विचारपूर्वक निवडावी. शहरातल्या बहुतेक गल्ल्या पहाटे आणि रात्री अकरानंतर शांत असतात. दुपारची शांतता फसवी असते, कारण डांबर तापलेले असते. हाताची मागची बाजू रस्त्यावर सात सेकंद ठेवता आली नाही तर कुत्र्याचे पंजेही तिथे भाजतील. पहिल्या फेऱ्या फाटकापासून शेजारच्या इमारतीच्या भिंतीपर्यंत असाव्यात, रोज त्याच वाटेने जावे आणि त्याच वाटेने यावे. अनोळखी मोठ्या मैदानापेक्षा ओळखीचा पन्नास पावलांचा रस्ता अशा कुत्र्याला जास्त धीर देतो. चालण्याचे अंतर मोजू नये. तो किती वेळा हुंगला, किती वेळा आपणहून पुढे झाला आणि लीश किती वेळ सैल राहिली, हे पाहावे.

एक शब्द घरात आधीच शिकवून ठेवावा. ‘चल मागे’ म्हणताच आपण वळायचे आणि वळताच खाऊ द्यायचा, असे हॉलमध्ये अनेकदा करून घेतले की रस्त्यावर समोरून कचऱ्याची गाडी आली तरी त्याच शब्दावर दोघेही घाबरगुंडी न उडता वळू शकतात. कुत्रा मध्येच खिळून उभा राहिला तर ओढू नये. जवळ जाऊन तिरके उभे राहावे, लीश सैल करावी आणि त्याला पाहू द्यावे. काही क्षणांनी तो अंग झटकेल किंवा जमीन हुंगेल आणि मग कोणत्या दिशेला जायचे ते तोच ठरवेल. तो घराकडे वळला तर घरी जावे. जवळ घेतल्याने, पाठीवरून हात फिरवल्याने किंवा हळू बोलल्याने भीती वाढते, हा समज चुकीचा आहे. कुत्रा आधार मागत असेल तर तो निःसंकोच द्यावा.

मोठा धसका बसला, उदाहरणार्थ बसचा टायर शेजारीच फुटला, तर पुढचे एक-दोन दिवस बाहेर नेऊ नये. शरीरातला ताण उतरायला वेळ लागतो, आणि तो उतरण्याआधी दुसरा, तिसरा छोटा धक्का बसला की एरवी सहन होणाऱ्या गोष्टीनेही कुत्रा कोसळतो.

गल्लीतले कुत्रे आणि माणसे

गल्लीत राहणाऱ्या कुत्र्यांचा तो इलाका आहे आणि आपला कुत्रा तिथे पाहुणा आहे. म्हणून आपला कुत्रा खाली नेण्याआधीच आपण एकट्याने त्या कुत्र्यांशी ओळख करावी, त्यांना नियमित खाऊ घालणाऱ्या व्यक्तीला भेटावे, कोणता कुत्रा भांडखोर आणि कोणता निवांत हे विचारून घ्यावे. ते अंगावर आले तर धावू नये, काठी उगारू नये. मूठभर बिस्किटे त्यांच्या मागच्या बाजूला दूर फेकावीत आणि आपण शांतपणे उलट दिशेने निघावे.

माणसांच्या बाबतीत स्पष्टपणे बोलावे लागते. ‘काका, त्याच्याकडे बघू नका, हाक मारू नका, आम्ही नाहीतच असे समजा,’ एवढे वॉचमनला आणि शेजाऱ्यांना आधीच सांगून ठेवावे. मुलांना हात लावू देऊ नये. अनोळखी माणसाच्या हातून खाऊ देण्याची पद्धतही टाळावी, कारण खाण्याच्या ओढीने कुत्रा जवळ जातो, खाऊ संपताच आपण कुठे आलो हे त्याच्या ध्यानात येते आणि त्या क्षणी तो चावू शकतो. तसे घडल्यास जखम लसीकरण झालेल्या कुत्र्याची असली तरी वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावी.

शू-शीची अडचण

कुत्रा बाहेर पडत नाही तोवर त्याची सोय घरातच करावी लागते, नाहीतर रोज नाइलाजाने ओढून नेण्याची वेळ येते आणि सगळा सराव वाया जातो. बाल्कनीत पसरट ट्रेमध्ये माती आणि गवताची लादी ठेवावी. रस्त्यावर वाढलेल्या कुत्र्याला फरशीपेक्षा माती लवकर पटते. दिवसभर लघवी झाली नाही तर पशुवैद्यांना कळवावे.

औषधांविषयी

कित्येक आठवडे नीट सराव करूनही कुत्रा दाराजवळ खात नसेल, किंवा घरातही सतत लपून राहत असेल, तर औषधांचा विचार पशुवैद्यांबरोबर मोकळेपणाने करावा. ट्राझोडोन किंवा गॅबापेंटिन यांसारखी औषधे विशिष्ट प्रसंगापुरती, तर फ्लुओक्सेटिन रोज आणि दीर्घकाळ दिले जाते. त्याचा परिणाम दिसायला काही आठवडे लागतात. औषध घेणे म्हणजे हार मानणे नव्हे, भीती थोडी उतरल्यावरच कुत्र्याला नवे शिकता येते. एसप्रोमाझिनविषयी मात्र सावध असावे, कारण त्याने शरीर सुस्त होते आणि मनातली भीती तशीच राहते; ते एकटेच सुचवले गेले तर दुसरे मत घ्यावे. माणसांच्या गोळ्या स्वतःच्या मनाने कधीही देऊ नयेत, पॅरासिटामॉल आणि आयबुप्रोफेन तर मुळीच नाही.

ढोल आणि फटाके

महाराष्ट्रात या कुत्र्यांची खरी परीक्षा पावसाळ्यात सुरू होते. पुण्यात गणेशोत्सवाच्या कितीतरी आठवडे आधी नदीकाठी ढोल-ताशा पथकांचा सराव चालू होतो, पुढे विसर्जन आणि मग दिवाळी. त्यामुळे मे-जूनमध्येच ध्वनिमुद्रित ढोल आणि फटाके घरात अगदी बारीक आवाजात लावायला सुरुवात करावी. कुत्र्याचा कान वळावा, पण त्याचे खाणे थांबू नये, इतकाच आवाज ठेवावा आणि तो कित्येक दिवसांच्या अंतराने किंचित वाढवावा. सर्वोच्च न्यायालयाने 2018 साली दिवाळीतील फटाक्यांसाठी रात्री आठ ते दहा ही वेळ ठरवून दिली होती, तरीही प्रत्यक्षात आवाज संध्याकाळपासूनच सुरू होतात, म्हणून या दिवसांत शेवटची फेरी सूर्यास्ताच्या बऱ्याच आधी, दोन लीश लावून, पार्किंगपुरतीच करावी. रात्री खिडक्या बंद ठेवून पंखा आणि टीव्ही चालू ठेवावा आणि त्याच्या आवडत्या कोपऱ्यावर चादर टाकून अंधारी जागा करून द्यावी.

दिवाळीनंतर बहुतेक कुत्रे मागे जातात, लिफ्टपर्यंत आलेला पुन्हा उंबरठ्याशी थांबतो. तेव्हा पहिल्या दिवसासारखेच दार उघडून आत जमिनीवर बसावे आणि खाऊ त्याच्या मागे टाकावा. आधी पार केलेले टप्पे या वेळी सहसा कमी दिवसांत पुरे होतात. त्यांतला एखादा मात्र आधीपेक्षा अवघड झालेला आढळतो, बहुधा ज्या जागी तो फटाक्याने दचकला ती, आणि तेवढ्यापुरती फिरण्याची वाट किंवा वेळ बदलावी.